ऑक्टोबरच्या उन्हात चिंबोऱ्यांची वाहतूक : कल्ले सुकू देऊ नका

पाऊस ओसरताच कोकणातील खाड्यांमध्ये चिंबोऱ्यांची, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांची, पकड वाढते आणि नेमके त्याच दिवसांत ऊन तापू लागते. खाडीपासून पोसणीच्या (म्हणजे पोकळ, कमी मांसाच्या चिंबोऱ्या खाऊ घालून भरवण्याच्या) तळ्यापर्यंतच्या प्रवासात मी जो माल मेलेला पाहिला, तो बहुतेकदा रोगाने नव्हे, तर कल्ले सुकल्याने मेला होता.

चिंबोरी पाण्याबाहेरही श्वास घेते. परंतु त्यासाठी कवचाखालचे कल्ले ओले असावे लागतात. उघड्या टेम्पोत वारा लागला की कल्ल्यांचे पातळ पदर सुकून एकमेकांना चिकटतात आणि भोवती हवा असूनही जीव गुदमरतो. या भीतीने काही जण चिंबोऱ्या बादलीभर पाण्यात बुडवून नेतात, तेही घातकच. कारण साचलेल्या पाण्यातील प्राणवायू लवकर संपतो आणि अमोनिया साठत जातो. माल बुडवू नये, केवळ ओला ठेवावा. ओल आणि २० ते २५ अंश गारवा टिकला, तर धडधाकट चिंबोरी दोन-तीन दिवस सहज तग धरते.

भरणीची कामे :
- डेंगे (मोठ्या नांग्या) दुमडून सुंभाने बांधणे. पाय धरून ओढू नये, पाय गळतो.
- खाडीच्या पाण्याने चिखल धुणे.
- कात टाकलेल्या मऊ चिंबोऱ्या वेगळ्या ठेवणे.
- अंडी धरलेली मादी खाडीत सोडणे.
- करंडीत पोट खाली ठेवून रचणे. वर-खाली ओले गोणपाट घालणे.

गोणपाट खाडीच्याच पाण्यात भिजवावे, वाटेत सुकू लागताच पुन्हा शिंपडावे आणि करंडीवर ताडपत्रीची सावली धरावी. मात्र हवा कोंडू देऊ नये. माल पहाटे भरून ऊन चढण्यापूर्वी पोहोचवावा. बर्फ थेट अंगावर टाकू नये, कारण एकदम बसलेल्या थंडीने आणि वितळलेल्या गोड्या पाण्याने माल ढेपाळतो. दुकानदार याच हंगामात ‘ताण घालवणारी’ महागडी पावडर पुढे करतात. सुकलेले कल्ले तिने ओले होत नाहीत, तेव्हा तो पैसा गोणपाटावर खर्च करावा.

खरेदी करताना डोळ्याच्या देठाला काडी लावून पाहावी. देठ चटकन आत न घेणारी चिंबोरी प्रवासाला नेऊ नये. अमावस्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ असते, असे जुने लोक सांगतात. त्याला शास्त्राचा आधार मी देऊ शकत नाही, तरीही पोसणीसाठी पोकळ माल हवा असल्याने मी स्वतः पौर्णिमेच्या सुमारास खरेदी करतो.

तळ्यावरील कामे :
- दर चौरस मीटरला एक चिंबोरी.
- खाद्य रोज चिंबोऱ्यांच्या वजनाच्या ५ ते १० टक्के.
- लपायला पाइपांचे तुकडे.

पोहोचताच माल तळ्यात ओतू नये. अर्धा तास तळ्याचे पाणी थोडेथोडे शिंपडावे, नंतर सुंभ कापून चिंबोऱ्या काठावर ठेवाव्यात आणि त्यांना आपल्या पायांनी पाण्यात उतरू द्यावे. जी उतरत नाही तिला ओल्या गोणपाटाखाली बाजूला ठेवावे; मेलेली विकू नये, खाऊ नये, तळ्यापासून दूर पुरावी.