कुस्ती मैदानाची बातमी: सांगली-साताऱ्याच्या नव्या बातमीदारांसाठी

पहिली जोड लागायच्या दोन तास आधी मैदानात पोचा. कुंडलचं मोठं मैदान असो की गावच्या जत्रेतलं, पोस्टरवरच्या जोडी शेवटपर्यंत टिकतीलच असं नाही. एखाद्याला दुखापत होते, ऐनवेळी दुसरा पैलवान उभा राहतो, आणि पोस्टर बघून आधीच लिहिलेली बातमी फसते. संयोजकांच्या वहीतून उतरवून घ्या: पूर्ण नाव, गाव, तालीम, वस्ताद, इनाम. नुसतं ‘पाटील’ लिहिलंत तर आपल्या भागात कुणाला पत्ता लागायचा? वेळ किती आणि वेळ संपल्यावर निकाल कसा, हेही पंचांना तेव्हाच विचारा. मातीवर हे मैदानागणिक बदलतं.

आखाड्यात एका वेळी चार-पाच जोडी लढत असतात. सगळ्या बघायला गेलात तर एकही नीट दिसत नाही. लहान कुस्त्यांचे निकाल पुकाऱ्यावरून घ्या, मोठ्या मात्र स्वतःच्या डोळ्यांनी बघा. सलामीची वेळ, पहिला ताबा, डाव, निकालाची वेळ, एवढं टिपा. डाव ओळखू आला नाही तर अंदाजाने ‘घिस्सा’ लिहू नका. कुस्ती सुटल्या सुटल्या विचारा, ‘वस्ताद, कशावर गेली?’ ते आनंदाने सांगतात.

मॅटवरचं गणित वेगळं. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंद विश्रांती. फ्रीस्टाइलमध्ये खाली आणून ताबा घेतला की २ गुण, बाहेर ढकललं की १. १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. गुण बरोबरीत असले तरी विजेता ठरतोच: आधी जास्त गुणांचे डाव कोणाचे, मग ताकीद कोणाला कमी, मग शेवटचा गुण कोणाचा. म्हणून गुण पडतील तसे क्रमाने लिहा. वहीत नुसतं ‘३-३’ असेल तर कोण का जिंकलं हे सांगता येत नाही.

‘अस्मान दाखवलं’ हे चीतपटीसाठीच, म्हणजे पाठ जमिनीला टेकवून जिंकलेल्या कुस्तीसाठीच, राखून ठेवा. २०२२ मध्ये साताऱ्यात पृथ्वीराज पाटीलने महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती ५-४ अशी गुणांवर जिंकली. तिथे हा शब्द खोटा ठरतो. तसंच गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीचं कांस्य म्हणजे स्वतंत्र भारताचं पहिलं ‘वैयक्तिक’ ऑलिंपिक पदक. तो एक शब्द गाळलात की १९४८ चं हॉकीचं सुवर्ण पुसलं जातं.

मुख्य कुस्ती बहुधा रात्री उशिरा लागते. बाकी मजकूर आधीच पाठवा, वरचा परिच्छेद तेवढा मोकळा ठेवा. गर्दीत इंटरनेट चालत नाही, तेव्हा निकाल फोनवरून सांगा आणि नावं अक्षर-अक्षर वाचून दाखवा.