अपडेट टाकलं नाही, म्हणून ॲप दिसेचना: नवीन ॲप बनवणाऱ्यांसाठी माझा अनुभव

सप्टेंबर २०२५ मधली गोष्ट. संध्याकाळी नाशिकमध्ये सातपूरहून घरी इंदिरानगरला येत होतो आणि दिंडोरीहून मामांचा फोन. "अरे तुझं ते फवारणीचं ॲप कुठं गेलं? अण्णांना टाकून द्यायचं होतं, सापडतच नाही." मी म्हटलं मामा स्पेलिंग चुकलं असेल, लिंक पाठवतो. लिंक पाठवली. अण्णांच्या फोनवर ती उघडली पण इन्स्टॉलचं बटणच येईना. मामांच्या फोनवर मात्र सगळं व्यवस्थित, माझ्या फोनवर पण व्यवस्थित. दोन दिवस मी अण्णांच्या फोनलाच दोष देत बसलो, नवीनच घेतला होता त्यांनी.

आणि घोळ नेमका त्या 'नवीन' मध्येच होता.

माझं ॲप म्हणजे फार काही नाही, द्राक्षबागेची फवारणीची वही. कुठलं औषध, किती लिटर पाणी, छाटणीपासून कितवा दिवस, एवढंच. २०२४ च्या सुरुवातीला प्ले स्टोअरवर टाकलं, तेव्हा नवीन पर्सनल अकाउंटला २० टेस्टर (ॲप आधी वापरून बघणारे) सलग १४ दिवस ठेवावे लागायचे (आता १२ पुरतात, तुमची मजा आहे), कॉलेज रोडवरच्या मित्रांना मिसळीचं आमिष दाखवून ते जमवले होते. २५ डॉलर फी एकदाच. त्या उन्हाळ्यात एक छोटं अपडेट दिलं आणि मग नोकरीच्या गडबडीत वर्षभर हातच लावला नाही, कारण ॲप चालत होतं ना.

आता नियम असा आहे की ॲप कुठल्या अँड्रॉइडसाठी बनवलंय तो टार्गेट लेव्हलचा आकडा दरवर्षी वर सरकतो. ३१ ऑगस्ट २०२५ पासूनची अट अशी होती की जुनं ॲप किमान अँड्रॉइड १४ म्हणजे लेव्हल ३४ ला नसेल, तर ज्यांच्या फोनचं अँड्रॉइड ॲपच्या टार्गेटपेक्षा नवीन आहे अशा नवीन लोकांना ते दिसणार नाही. माझं ३३ वर होतं. ज्यांनी आधी टाकलेलं त्यांना दिसत राहतं, म्हणून मामांना दिसलं, मला दिसलं, अण्णांना नाही. म्हणजे डेव्हलपरला स्वतःच्या फोनवर हे कधीच कळणार नाही! प्ले कन्सोलमध्ये (डेव्हलपर जिथून ॲप सांभाळतो ते पान) आणि मेलवर सूचना येऊन पडल्या होत्या, मी उघडल्याच नव्हत्या, त्यामुळे ओरडणार तरी कुणावर. मुदत वाढवून मागायची सोय होती १ नोव्हेंबरपर्यंत, पण गोडीबार छाटणी (फळांसाठीची) तोंडावर आलेली, म्हटलं अपडेटच टाकून मोकळं होऊ.

इथे नवीन मुलांना सांगायचंय ते हे की आहे ते ॲप दिसत राहायला ३४ पुरत होतं, पण नवीन अपडेट टाकायचं तर ३५ लागत होतं. मी ग्रेडलमध्ये (ॲप तयार करायचं साधन) आकडा बदलला, माझ्या जुन्या फोनवर चालवून बघितलं आणि शंभर टक्के लोकांना सोडून दिलं. ३५ टार्गेट केलं की अँड्रॉइड १५ वर ॲपची स्क्रीन वरपासून खालपर्यंत पसरते, फोनच्या खालच्या नेव्हिगेशन पट्टीच्याही मागे जाते. माझं 'सेव्ह' बटण बरोब्बर त्या पट्टीखाली गेलं. माणूस बागेत उभा राहून अख्खी नोंद भरणार आणि सेव्ह दाबायला जाणार तर होम स्क्रीन येणार. चार दिवसांत तीन एक-स्टार. आणि प्ले स्टोअर रेटिंग मोजताना अलीकडच्या रेटिंगला जास्त वजन देतं, त्यामुळे जुनी पुण्याई फार कामाला येत नाही.

म्हणून रोलआउट, म्हणजे अपडेट लोकांना सोडणं, टक्क्यांनी करा, आधी ५-१० टक्के, दोन दिवस थांबा. गडबड दिसली तर थांबवता येतं, पण ज्यांच्याकडे गेलं त्यांच्याकडून परत येत नाही, पुढचा व्हर्जन कोड (अपडेटचा क्रमांक) देऊन दुरुस्तीच पाठवावी लागते. क्रॅशवरही (ॲप अचानक बंद पडणं) लक्ष ठेवा. रोज वापरणाऱ्यांपैकी १.०९ टक्क्यांच्या वर लोकांना क्रॅश दिसला किंवा ०.४७ टक्क्यांच्या वर लोकांचं ॲप हँग झालं तर स्टोअर तुम्हाला मागे ढकलू शकतं. १००० जण वापरत असतील तर क्रॅशसाठी ११ जण, बस्स. आणि एखाद्या ठराविक मॉडेलवरच हे प्रमाण ८ टक्क्यांच्या वर गेलं तर त्या मॉडेलवाल्यांना तुमच्या पानावर इशारा पण दिसू शकतो.

बरं, दुरुस्तीचं अपडेट पाठवताना मी अजून एक शहाणपणा केला. म्हटलं अपडेट टाकलं की ॲप आपोआप वर येतं (ही आपल्याकडची फार लाडकी समजूत, माझा डाउनलोडचा ग्राफ तरी जागचा हलला नाही), तर त्यासोबत नावही झणझणीत करू. नावात 'नं. १' घातलं, द्राक्षाचा इमोजी घातला, आणि वर्णनात "दिंडोरीचे एक शेतकरी म्हणतात" करून मामांचं कौतुक चिकटवलं. तिन्ही गोष्टी नियमात बसत नाहीत. नावात क्रमांकाचा दावा नको, इमोजी नको, वर्णनात निनावी शिफारस नको. आणि मी लिस्टिंग (स्टोअरवरचं नाव-वर्णन) आणि दुरुस्ती एकत्रच गुगलच्या रिव्ह्यूला पाठवलेली, दोन्ही एकत्रच अडकले. तिकडे सेव्ह बटण अजून पट्टीखालीच. दुरुस्ती एकटी पाठवा, नटणं-मुरडणं नंतर.

नावाला ३० अक्षरं, छोट्या वर्णनाला ८०. मराठीत जपून, काना-मात्रा-वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं. 'द्राक्ष फवारणी वही' आपल्याला आठ अक्षरं वाटतात, काउंटर १८ दाखवतो. पण मराठी लिस्टिंग वेगळी भराच. माझी आधी फक्त इंग्रजीत होती आणि शेतकरी शोधतो 'फवारणी' असं, बरेचदा तर माईक दाबून बोलूनच. मराठी भरल्यावर मात्र सर्चमधून लोक यायला लागले, सगळ्या भानगडीत खरा फायदा झाला तो एवढाच. 'नवीन काय' च्या ५०० अक्षरांत मी "सेव्ह बटण आता वर घेतलंय, त्रास झाला, माफी" एवढंच लिहिलं, एक-स्टारवाल्या तिघांना उत्तरं दिली, त्यातल्या एकाने रेटिंग बदललं.

आयफोनवाल्यांचं वेगळंय, तिथे १०० अक्षरांची कीवर्डची (शोधशब्दांची) जागा नवीन व्हर्जनसोबतच बदलता येते, त्यामुळे तिथे अपडेट पाठवताना ती बघून घ्यायची. माझ्या गिऱ्हाइकात आयफोनवाला एकही नाही, सो मी त्या वाटेला गेलो नाही.

अण्णांच्या फोनवर धड चालणारं ॲप आलं ते छाटणी होऊन आठवडा उलटल्यावर, मधल्या नोंदी त्यांनी पंचांगाच्या मागे लिहून ठेवल्या होत्या, त्या मीच बसून भरून दिल्या. आता मामा म्हणतात, पानावर डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) दिसली की फोटो टाकायची सोय कर. म्हणजे कॅमेऱ्याची परवानगी आली, फोटो सर्व्हरवर जाणार म्हणजे डेटा सेफ्टीचा फॉर्म (ॲप लोकांची कुठली माहिती घेतं ते सांगायचा) परत भरणं आलं. मामांना म्हटलं, एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत थांबा.