खापरांवर संशोधन करायचंय? आधी प्रश्न ठरवा

पुरातत्त्वात नव्याने आलेली मुलं बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच विचारतात, की एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी खनिजं ओळखायची चाचणी, कुठे करून मिळेल. यंत्र मिळतं हो. पण त्या खापराला नेमकं काय विचारायचंय, हे ठरल्याशिवाय नमुना पाठवू नका. तपासणीसाठी दळलेला तुकडा परत मिळत नाही.

माझं काम जोर्वे खापरांवरचं, म्हणजे महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाण काळातल्या भांड्यांवरचं, म्हणून तेच उदाहरण देते. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं, त्यावरून या संस्कृतीला नाव मिळालं. पुढे घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात खोदकाम केलं आणि पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडाखालचं अख्खं गाव उजेडात आणलं. पूर्व जोर्वे काळातलं, म्हणजे साधारण इ.स.पू. १४०० ते १००० मधलं चांगलं भांडं लगेच ओळखू येतं. लाल अंगावर काळी नक्षी, कंगोरेदार वाडगे, तोटीची भांडी, आणि टिचकी मारली की खणखणीत आवाज. उत्तर जोर्वे, म्हणजे त्यानंतरच्या, काळात मात्र पोत जाडाभरडा होतो, नक्षीही कमी होते. आता प्रश्न उभा राहतो: माती बदलली, की भाजणी?

उत्तराची सुरुवात टेबलावरच होते. खापराची कड पकडीने थोडी तोडा आणि ताजा भंग दहापट भिंगाखाली धरा. दोन्ही बाजूंना लाल आणि मध्ये काळा पट्टा दिसला, तर मातीतला सेंद्रिय अंश पुरता जळला नाही, म्हणजे भाजणी थोडक्यात आटोपली किंवा हवा कमी पडली. रंग मुन्सेल तक्त्याशी, म्हणजे क्रमांक दिलेल्या रंगनमुन्यांशी, ताडून लिहा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण शेकडो खापरं हाताखालून गेल्याशिवाय कुठला तुकडा कापायचा हे कळत नाही.

त्यानंतर थिन सेक्शन. खापराचा काप काचपट्टीवर चिकटवून ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासायचा आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. इथे भूशास्त्र कामी येतं. घोडचं सगळं खोरं बेसॉल्टचं, त्यामुळे तिथल्या मातीच्या भांड्यात प्लॅजिओक्लेज आणि ऑजाइट या बेसॉल्टमधल्या खनिजांचे कण सापडणं अपेक्षित आहे. बेसॉल्टमध्ये नसणारं मायक्रोक्लिन किंवा पांढरं अभ्रक दिसलं, तर ते भांडं किंवा त्याची माती बाहेरून आली असावी. नुसत्या सिलिकाच्या कणांवरून मात्र असा निष्कर्ष काढू नका. बेसॉल्टच्या पोकळ्यांतही कॅल्सेडोनी, म्हणजे सिलिकाचंच एक रूप, भरलेली असते.

एक्सआरडीत नवशिके हमखास अडकतात ते कॅल्साइट या चुनखडीतल्या खनिजापाशी. कॅल्साइट साधारण ७०० ते ८५० अंश सेल्सियसदरम्यान विघटित होतं, म्हणून आलेखात ते दिसलं की ‘भाजणी त्याहून कमी तापमानाची’ असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण दख्खनच्या मातीत चुनखडी मुबलक आहे. हजारो वर्षं गाडलेल्या खापराच्या छिद्रांत पाण्याबरोबर नवं कॅल्साइट जमतं, आणि आलेखात दोन्ही सारखंच दिसतं. थिन सेक्शनमध्ये मात्र छिद्रांच्या कडेने धरलेला थर स्पष्ट ओळखू येतो. म्हणून मी एक्सआरडीचा आकडा थिन सेक्शनशिवाय मानत नाही. शिवाय खापराचे बारीक तुकडे मफल भट्टीत (प्रयोगशाळेतल्या बंद विद्युत भट्टीत) चढत्या तापमानाला पुन्हा भाजून पाहा. कुठल्या टप्प्यावर रंग आणि घट्टपणा बदलू लागतो, त्यावरून मूळ भाजणीचा चांगला अंदाज येतो.

भांड्यात काय शिजत होतं हे शोधायचं असेल, तर तयारी उत्खननाच्या खंदकातच करावी लागते. अशी खापरं धुऊ नका, उघड्या हाताने हाताळू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी अॅल्युमिनियम फॉइलमध्ये ठेवा आणि बाजूच्या मातीचाही नमुना घ्या. स्निग्ध पदार्थांचे अंश हाताच्या तेलात आणि प्लॅस्टिकमधल्या रसायनांत मिसळले, की वेगळे काढणं फार अवघड जातं.

कला शाखेतून आला असाल तर बिचकू नका. खनिजं ओळखणं शिकता येतं, मी भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांशेजारी बसूनच शिकले. विज्ञानातून आला असाल तर निदान एक हंगाम खंदकात काढा, कारण थराची नोंद नसलेल्या खापरावरचा सुंदर आलेखसुद्धा निरुपयोगी असतो. आणि जवळच्या कुंभारवाड्यात जा. माती कुठून आणतात, तिच्यात राख मिसळतात की लीद, आवा, म्हणजे भांडी भाजायची भट्टी, कसा रचतात, हे विचारून लिहून घ्या. प्रयोगशाळेत नमुना देण्याआधी खापराचं चित्र आणि छायाचित्र काढा, अर्धा तुकडा न कापता राखून ठेवा आणि दोन्ही भागांवर एकच नोंदणी क्रमांक घाला.