आंधळ्या गिनीपिगचा डोळा काढायचा की ठेवायचा

आमच्या कंदीला दिसत नाही हे कळायलाच आम्हाला दोन महिने लागले. रंगानं कंदी पेढ्यासारखी, म्हणून लेकीनं ठेवलेलं नाव. चौथं वर्ष लागलं तसे तिचे दोन्ही डोळे दुधी होत गेले. मोतीबिंदू. पण पाण्याच्या बाटलीपाशी ती नेमकी जायची, कोथिंबिरीची पिशवी वाजली की शिट्टी मारायची, आणि मी शिलाई मशीनवरून उठले की पावलांच्या आवाजाकडे तोंड वळवायची. एकदा पिंजऱ्यातलं तिचं खोकं धुऊन मी उलट्या बाजूला ठेवलं आणि ती थेट त्यावर जाऊन आपटली, तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला.

पुढे उजव्या डोळ्याचा प्रश्न आला तेव्हा घरात दोन पक्ष पडले. जाऊबाई म्हणाल्या, "दिसतच नाही तर डोळा ठेवून करायचंय काय, टाका काढून." आमचे हे म्हणाले, "दिसतच नाही तर असू दे की, उगाच चिरफाड कशाला." कारण एकच आणि निकाल उलटसुलट. दोघांचंही चुकलं. तुमच्यावर ही वेळ आली तर दिसतंय की नाही हे बाजूला ठेवा आणि दुखतंय का तेवढं बघा. शांत असलेला आंधळा डोळा जन्मभर राहिला तरी बिघडत नाही. मोतीबिंदू सहसा दुखत नाही. पण दुखणारा डोळा औषधानं आटोक्यात येत नसेल, तर तो काढणं हेच त्या जनावराला बरं.

कंदीचा डोळा बिघडला तो माझ्यामुळे. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या डोंगराच्या अंगाला कापलेलं वाळकं गवत कुणीतरी आणून दिलं होतं, त्यात कुसळं होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. मला माझ्याच घरातल्या डोळ्यातलं दिसलं नाही. डोळा पाणावला, अर्धा मिटला. यांचे डोळे आले होते तेव्हाचे थेंब फ्रीजमध्ये होते, ते मी दोन वेळा घातले, मग तिसऱ्या दिवशीही घातले. त्यात स्टेरॉइड होतं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम असताना स्टेरॉइड गेलं की जखम भरायची थांबते आणि खोल जाते. पाचव्या दिवशी तिथं खड्डा दिसत होता. त्यामुळे माणसाचे थेंब डोळ्याला लावू नका, आणि गवत देताना मूठभर हातात घेऊन उजेडात झटकून बघा. मी आता ब्लाऊजच्या कापडातल्या टाचण्या शोधतात तशी कुसळं शोधते.

दुखतंय हे ओळखायचं कसं, यातच सगळी मेख आहे. गिनीपिग हे दुसऱ्याचं भक्ष्य होणारं जनावर, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या हाडीमाशी आहे. हातात घेतलं की ते टवटवीत असल्याचं नाटक करतं. म्हणून लांबून बघा, त्याला तुमची चाहूल नसताना. मी मशीनवर बसून, पायडल न मारता, अर्धा अर्धा तास बघत बसायचे. कंदी पाठीला पोक काढून, केस फिसकारून कोपऱ्यात. उजव्या गालाला गवताची काडी लागली की दचकायची. मधूनच दातांचा करकर आवाज. काकडी खायची पण गवत तसंच सोडायची, आणि लेंड्या तांदळाएवढ्या बारीक. एक गोष्ट मात्र घाबरायची नाही: गिनीपिग डोळ्यातून दुधासारखं पांढरं पाणी काढून त्यानं तोंड धुतात. काही क्षणांचं असतं ते. सतत ओघळणारा किंवा घट्ट, चिकट स्राव वेगळा.

सगळ्यात खरं बोलतो तो वजनकाटा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर प्लास्टिकचा डबा ठेवून काटा शून्यावर आणा, आणि रोज सकाळी खाण्याआधी वजन लिहा. कंदी ९१० भरायची. मग ९०५, ८८०, ८५२. पन्नास ग्रॅम म्हणजे काय, असं वाटेल. पण किलोभर सुद्धा नसलेल्या जीवाचे ते पन्नास ग्रॅम आहेत.

आणखी एक युक्ती आमच्या पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितली, ती मला फार पटली. निर्णय होत नसेल तर डॉक्टरांनी वजनावर मोजून दिलेलं दुखणं थांबवायचं औषध, बहुतेक वेळा मेलोक्सिकॅम, तीन दिवस द्यायचं आणि जनावरात फरक पडतो का बघायचं. कंदी दुसऱ्याच दिवशी गवतावर बसली, शिट्टी मारली. म्हणजे आजवर आम्ही जिला "वय झालं, मंदावली" म्हणत होतो ती दुखण्यानं गप्प होती. यांचा विरोध तिथंच संपला. (हे औषध घरच्या घरी, माणसाच्या गोळीचा तुकडा करून देऊ नका.)

आता डॉक्टर. मी आधी साताऱ्यात दाखवलं. त्यांनी सरळ सांगितलं, "मावशी, गिनीपिगचं हे ऑपरेशन मी केलेलं नाही, पुण्याला न्या." असं तोंडावर सांगणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो. पुण्याच्या वाटेवर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; आपल्या जिल्ह्यातल्या माणसानं आधी तिथंही फोन करून विचारावं.

ऑपरेशन ठरवण्याआधी डोळा बिघडला कशानं हे कळलंच पाहिजे. एक रंगाचा थेंब घालतात, निळ्या उजेडात जखमेची जागा हिरवी चमकते. डोळ्यातला दाब मोजतात. दाब वाढून डोळा मोठा झाला असेल तर तो फार ठणकतो. आणि डोक्याचा एक्स-रे. हा टाळू नका. गिनीपिगचे दात जन्मभर वाढतात, वरच्या दाढांची मुळं डोळ्याच्या खोबणीला लागून असतात. तिथं पू झाला तर डोळा बाहेर येतो, आणि अशा वेळी नुसता डोळा काढला तर दुखणं आत तसंच राहतं. कंदीच्या दाढा चांगल्या निघाल्या. जखम आरपार जायच्या बेतात होती आणि डॉक्टरांच्या दहा दिवसांच्या थेंबांनी भरली नव्हती. तेव्हा ठरलं.

भुलेची भीती खोटी नाही. डॉक्टरांनी आकडा लपवला नाही: ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत, जी २००८ साली छापून आली, भूल दिलेल्या शंभर गिनीपिगांतले जवळजवळ ४ दोन दिवसांत दगावले होते. कुत्र्यांत हेच हजारात दोनपेक्षा कमी. त्यात आजारी जनावरं जास्त दगावतात. म्हणून वजन पार घटेपर्यंत, खाणं बंद होईपर्यंत वाट बघू नका. "बघू अजून आठवडाभर" म्हणणं म्हणजेही निर्णयच, आणि तो जनावराच्या अंगावर पडतो. उलट जनावर म्हातारं, छातीनं अधू, हाडकलेलं असेल तर दुखणं थांबवत ठेवणं किंवा डॉक्टरांकडून शांतपणे झोपवणं, हेही निर्णय आहेत. त्याची लाज वाटून घेऊ नये.

डॉक्टरांना चार गोष्टी स्पष्ट विचारा. आधी गिनीपिग किंवा निदान सशाचं असं ऑपरेशन केलंय का. रात्रभर उपाशी ठेवायला सांगतात का. सांगितलं तर थोडं थांबा, कारण गिनीपिगला उलटी होत नाही आणि पोट रिकामं राहिलं तर आतड्याचं काम बंद पडतं. भुलेत अंग गरम कसं ठेवणार. आणि नंतर तोंडानं कोणतं अँटिबायोटिक देणार. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधं त्यांच्या पोटातले चांगले जंतू मारतात आणि जीवावर बेततं. हे मी विचारलं तेव्हा डॉक्टर हसले, पण उत्तर बरोबर दिलं.

एप्रिलचे दिवस, म्हणून आम्ही पहाटे पाचला निघालो. गिनीपिगला ऊन सोसत नाही. टोपलीत सुती कापड, काकडीचा तुकडा, गवत. खंबाटकीचा बोगदा ओलांडेपर्यंत ती गवत कुरतडत होती, ते ऐकून मला जरा धीर आला. खर्चाचं एवढंच सांगते, की मी चौदा ब्लाऊज आणि एका नवरीचा घागरा शिवून तो भरून काढला, आणि जिची किंमत पाचशे रुपये तिच्यावर एवढे घातले म्हणून गल्लीभर हसू झालं.

संध्याकाळी हातात आली तेव्हा उजव्या बाजूला डोळ्याच्या जागी एक आडवी शिवण होती. पापण्या एकमेकींना जोडलेल्या, टाके बारीक, सारख्या अंतरावर, कुठं कापड ओढल्यासारखी चुणी नाही. मी तीस वर्षं शिवते. माझ्यानं असा हात फिरला नसता. सूज आणि निळसरपणा होता, तो आठवड्यात ओसरला.

नंतरचे चार दिवस खरे कष्टाचे. घरात कुणी रात्री उठणारं नसेल तर ऑपरेशनआधीच त्याची सोय करा. पेलेट, म्हणजे त्यांच्या तयार खाण्याच्या कांड्या, भिजवून पातळ कालवायची, सुई काढलेल्या सिरिंजनं ओठांच्या कडेनं थोडी थोडी घालायची, दर तीन-चार तासांनी. सरळ घशाकडे मारू नका, श्वासात जातं. भुसा काढून टाका, कापड घाला, पण कापडाची कड दुमडून शिवलेली हवी. सुटे दोरे बोटांना गुंडाळतात. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात, म्हणजे नको वाटलं तर तिला लांब सरकता येईल. रोज ढोबळी मिरचीचा तुकडा, कधी आवळ्याची फोड: त्यांच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही आणि त्यावाचून जखम भरत नाही. आणि पिंजऱ्यातली एकही वस्तू हलवू नका. मिश्या आणि नाक यांच्यावर तिचा नकाशा असतो.

कंदीनं दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःहून कोथिंबीर ओढली. त्या दिवशी ८३८. पंधराव्या दिवशी ८९०.

डाव्या डोळ्याचं काय करायचं, हेही मी विचारून घेतलं होतं, एकाच भुलेत दोन्ही कामं उरकतील म्हणून. डॉक्टर म्हणाले, "तो काय म्हणतोय तुम्हाला?" काहीच म्हणत नव्हता. दुधी आहे, पण उघडा, कोरडा, लाली नाही. तो राहिला. दर रविवारी टॉर्च लावून मी त्याच्याकडे बघते, आणि काट्यावरचा आकडा कॅलेंडरवर लिहिते. परवा ९२४ होती.