अम्युझमेंट पार्कातल्या नव्या राइडच्या सीटमध्ये नीट कसं बसायचं

रांगेत लागण्याआधी प्रवेशाजवळ नमुना सीट असेल तर त्यात बसून बघाच. खांद्यावरून येणारा हार्नेस, म्हणजे अंगाला धरून ठेवणारी चौकट, लागेल की नाही हे वजनापेक्षा छातीच्या घेरावर ठरतं. मागच्या खिशातलं पाकीट आधी काढा, त्यानं कंबर पुढे सरकते आणि मांड्यांवर येणारा सुरक्षेचा बार लॉक होत नाही. कंबर पार मागे टेकवा, मगच बार खाली ओढा. तो पोटावर नको, मांड्यांवर हवा. राइड सुरू झाली की डोकं मागे टेकलेलंच ठेवा, नाहीतर वळणावर कान हार्नेसवर आपटतात. नागपूरच्या मे महिन्यात उन्हातली रेक्झिनची सीट चटका देते, म्हणून हाफ पँट टाळा आणि सकाळचीच फेरी घ्या.