ब्लॉकिंग करताना या चुका टाळा

दृश्य पडद्यावर निर्जीव वाटू लागले की पहिला संशय अभिनयावर येतो, मग संवादांवर. पात्रे कुठे उभी होती आणि का हलली, हा ब्लॉकिंगचा (पात्रांच्या जागा आणि हालचाली ठरवण्याचा) प्रश्न बहुधा संकलनाच्या वेळी, म्हणजे उशिरा, विचारला जातो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कॅमेरा आधी लावून कलाकारांना त्याच्यापुढे बसवणे. समजा, दोन भाऊ वडिलोपार्जित घराच्या विक्रीविषयी बोलत आहेत. दोघांना सोफ्यावर शेजारी बसवून आलटून पालटून क्लोज-अप घेतले, तर भांडण ऐकू येते, दिसत नाही. त्याऐवजी थोरल्याला कागदपत्रांसह टेबलाशी बसवा, धाकट्याला दाराच्या चौकटीत उभे करा आणि ‘सही कर’ हे शब्द येईपर्यंत त्याला उंबरा ओलांडू देऊ नका. आता त्या एका पावलालाच अर्थ येतो, आणि ते पाऊल कोणत्या बाजूने पाहायचे हे तालमीत उभे राहून बघितले की कॅमेऱ्याची जागाही बरीचशी ठरून जाते.

एकांकिकांमधून चित्रपटाकडे आलेल्यांची (मीही त्यांतलाच) एक सवय लवकर सुटत नाही: सगळी पात्रे कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर, एका रांगेत. ऑर्सन वेल्स यांच्या १९४१ च्या ‘सिटिझन केन’मध्ये आई पुढे टेबलाशी मुलाचा ताबा सोडण्याच्या कागदांवर सही करते, बाप मध्ये घुटमळतो आणि मागच्या खिडकीतून तो मुलगा बर्फात खेळताना दिसतो, कोणाच्या हातात काय आहे, हे अंतरांवरूनच कळते. मात्र असे पुढपासून मागपर्यंत सगळे स्पष्ट दिसायला हवे असेल, तर वाइड लेन्स आणि लहान अ‍ॅपर्चर (लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र) लागते, म्हणून प्रकाशही जास्त लागतो; त्याची तजवीज आदल्या दिवशीच करावी.

संकलनात समोरासमोर बोलणारी दोन पात्रे एकाच दिशेला पाहताना दिसली, तर अ‍ॅक्सिस मोडली आहे असे समजावे. दोन पात्रांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या, म्हणजे या अ‍ॅक्सिसच्या, एकाच बाजूला, १८० अंशांच्या आत, कॅमेरा ठेवावा. रेषा ओलांडायचीच असेल, तर चालू शॉटमध्ये कलाकाराला किंवा कॅमेऱ्याला ती ओलांडू द्या. चुकून ओलांडली गेल्याचे चित्रीकरणाच्या दिवशीच लक्षात आले, तर नेमका रेषेवरून एक शॉट घेऊन ठेवा. दोन बाजूंच्या मध्ये तो लावता येतो.

कलाकार मार्कवर (थांबायच्या ठरलेल्या जागी) येताना खाली पाहत असेल, तर जमिनीवरची टेप काढून तिथे वाळूची छोटी पिशवी ठेवा. ती पायाला लागते, नजर वरच राहते आणि फोकस पुलरचे (फोकस सांभाळणाऱ्या सहायकाचे) अंतरही चुकत नाही. चहाचा कप कोणत्या शब्दावर उचलला, हे मात्र लिहूनच ठेवावे, म्हणजे पुढच्या टेकमध्येही तो त्याच शब्दावर उचलला जाईल.