जर्मनीतल्या सेमिस्टरचा शेवटचा आठवडा: कोणते काम आधी, कोणते शेवटी

सेमिस्टर संपवून जर्मनीहून बडोद्याला परतणाऱ्या विद्यार्थ्याला बॅग भरायला एक संध्याकाळ पुरते. वेळ खातात ते कागद, आणि तेही एकमेकांत अडकलेले. पत्ता रद्द झाल्याचा दाखला नसेल तर विमा बंद होत नाही. बँक आधी बंद केली तर खोलीची अनामत जमा व्हायला जागा उरत नाही. सिम आधी बंद केले तर बँकेचा कोड येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी विद्यापीठ, मग खोली आणि पत्ता, मग विमा, त्यानंतर (बँकेत भारतीय क्रमांक नोंदवून झाल्यावर) फोन, आणि बँक अगदी शेवटी, बहुधा बडोद्याला पोहोचल्यावर काही महिन्यांनी.

या क्रमाला आणखी एक चाळणी लावा. ज्या कामाला तिथे स्वतः उभे राहावे लागते, म्हणजे शिक्का, सही, किल्ली, मीटरचे आकडे, तेवढेच या आठवड्यात करा. ईमेलवर होणारे काम बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी बसूनही होईल. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात, बरीच सरकारी कार्यालये ठरावीक तासांतच आणि आधी वेळ घेतली असेल तरच भेटतात. त्यामुळे सात दिवसांचा आठवडा हातात फार तर पाच दिवसांचा पडतो.

दोन गोष्टी मात्र शेवटच्या आठवड्यावर सोडताच येत नाहीत. बेमुदत भाडेकरार असेल तर तो सोडायची नोटीस साधारण तीन महिने आधी द्यावी लागते. ती कागदावर, शाईच्या सहीने हवी आणि महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत घरमालकाच्या हाती पडायला हवी. ईमेल चालत नाही. ठरावीक मुदतीचा करार त्या तारखेला आपोआप संपतो, पण वसतिगृहाच्या करारातली कलमे एकदा नीट वाचा. दुसरी गोष्ट गादी, टेबल असल्या मोठ्या सामानाची. ते उचलून नेण्याची वेळ पालिकेकडे आधी, कधीकधी काही आठवडे आधी, नोंदवावी लागते. न विचारता रस्त्याकडेला ठेवले तर दंड होतो.

विद्यापीठातले काम

तुम्ही तिथे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत शिकलात, असा सही-शिक्क्याचा दाखला आंतरराष्ट्रीय कार्यालय देते. तो शेवटच्या परीक्षेनंतरच घ्या. परीक्षा गुरुवारी आणि सही त्याआधीच्या सोमवारी घेतली, तर दाखल्यावर सोमवारचीच तारीख पडू शकते, आणि शिष्यवृत्तीचे पैसे दिवसांवर मोजले जात असतील तर तेवढे दिवस कापले जातात.

गुणपत्रिका या आठवड्यात मिळेल अशी आशा धरू नका. प्राध्यापक उत्तरपत्रिका तपासून गुण भरायला बरेच आठवडे घेतात. गुण भरले गेले की गुणपत्रिका कोणत्या ईमेलवर आणि कोणाकडे जाईल, ते लेखी ठरवून ठेवा. तुमचा खासगी ईमेल द्या, कारण नाव कमी झाले की विद्यापीठाचा ईमेल आणि पोर्टल आज ना उद्या बंद होते. शक्य असल्यास ती बडोद्यातल्या फॅकल्टीच्या कार्यालयाकडेही थेट पाठवायला सांगा. सोबत गुणांच्या श्रेणीचे पान असलेच पाहिजे. जर्मनीत 1.0 सर्वोत्तम, 4.0 उत्तीर्ण आणि 5.0 नापास. हे पान नसेल तर 1.7 बघून टेबलामागचा माणूस तुमच्याकडे दयेने पाहील.

रूपांतरासाठी सुधारित बव्हेरियन सूत्र सर्रास वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्ण यांच्या फरकाने भागा, तीनने गुणा, त्यात एक मिळवा. आपल्याला उलटे जायचे आहे. 10 पैकी 4 ला उत्तीर्ण धरले तर 1.7 म्हणजे 8.6 होतात. शेवटचा निर्णय अर्थातच आपल्या विद्यापीठाचा, पण हिशेब कागदावर मांडून नेलात तर चर्चा लवकर आटोपते.

क्रेडिटचा घोळ याहून मोठा. पूर्ण सेमिस्टर म्हणजे 30 ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट), आणि एक ईसीटीएस म्हणजे स्वाध्याय धरून 25 ते 30 तास. आपल्याकडे थिअरीचे एक क्रेडिट म्हणजे साधारण 15 तास वर्ग. ही दोन मापे आकड्याला आकडा लावून जुळत नाहीत. उपाय असा: पोर्टल चालू आहे तोवर प्रत्येक विषयाच्या मॉड्यूल वर्णनाची पीडीएफ उतरवून घ्या. त्यात एसडब्ल्यूएस असा आकडा असतो. 4 एसडब्ल्यूएस म्हणजे आठवड्याला 45 मिनिटांचे चार तास. 15 आठवडे धरले तर घड्याळाचे 45 तास झाले, म्हणजे आपल्या हिशेबाने तीन क्रेडिट. हा कागद नसला की समकक्षतेची फाइल हमखास अडते, आणि तो नंतर बडोद्याहून मागवणे किचकट आहे.

ग्रंथालयाची पुस्तके परत करा आणि मेन्झाच्या, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीच्या, कार्डावरची शिल्लक परत घ्या. ही दोन्ही कामे एकाच फेरीत होतात.

खोली: हळद, क्षार आणि चिकट जाळी

अनामतीचे पैसे कापले जातात ते बहुधा स्वयंपाकघर आणि न्हाणीघरामुळे. कायद्याने अनामत मूळ भाड्याच्या तिप्पटीपर्यंत असू शकते, तेव्हा इथे दोन दिवस घालवणे परवडते.

हळदीचा डाग पांढऱ्या ओट्यावर साबणाने घासला की लाल होतो. घाबरू नका. हळद आणि चुन्याचे कुंकू होते तीच ही किमया. अल्कली लागली की हळदीचा रंग बदलतो, आणि पाण्यात थोडे व्हिनेगर घालून पुसले की परत पिवळा होतो. तो घालवायचा तर ऊन हवे, कारण हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. प्लास्टिकचे डबे, फ्रिजचे कप्पे खिडकीत दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. ओटा हलवता येत नाही, तिथे ऑक्सिजनवाल्या ब्लीच पावडरीचा कोमट पाण्यातला लेप अर्धा तास ठेवून पुसा. आधी कोपऱ्यात थोडेसे लावून बघा.

फोडण्यांमुळे शेगडीवरच्या एक्झॉस्टची जाळी तेलाने बुजलेली असते. ती काढून कडकडीत पाण्यात भांड्यांचा साबण घालून तासभर बुडवा, मग ब्रशने घासा. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर धुण्याचा सोडा वापरू नका, काळी पडते.

जर्मनीत बऱ्याच ठिकाणी पाणी जड आहे, त्यामुळे नळावर आणि शॉवरच्या काचेवर पांढरा क्षार साचतो. एक लिटर थंड पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक आम्ल घालून लावा, पंधरा-वीस मिनिटांनी धुवा. पाणी गरम घेतलेत तर त्याच आम्लापासून नवा थर बसतो, म्हणून थंडच. आणि काहीही झाले तरी आम्ल आणि क्लोरीनवाला क्लीनर एकत्र करू नका. बंद न्हाणीघरात त्यातून निघणारा वायू जिवावर बेतू शकतो.

फ्रिजचा बर्फाचा कप्पा किल्ली देण्याच्या आदल्या दिवशी बंद करा, दार उघडे ठेवा, खाली टॉवेल पसरा. चाकूने बर्फ खरवडायला गेलात आणि नळी फुटली तर अख्ख्या फ्रिजचे पैसे भरावे लागतील. भिंतीतली खिळ्यांची भोके छोट्या ट्यूबमधल्या पुट्टीने भरा आणि जुन्या कार्डाने सपाट करा. टूथपेस्टची युक्ती सगळ्या घरमालकांना ठाऊक असते.

काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या करून कामाच्या दिवशी रस्त्यावरच्या टाक्यांत टाका. रविवारी किंवा रात्री नाही. मात्र ज्या बाटल्यांवर विकत घेताना अनामत घेतलेली असते, त्या सुपरमार्केटच्या यंत्रातच घाला. एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीला आणि कॅनला 25 सेंट मिळतात, आणि सेमिस्टरभर साठलेल्या पिशव्यांतून शेवटच्या दोन जेवणांचे पैसे सहज निघतात. उघडे मसाले, कुकर, तवा नव्या मुलांना देऊन टाका. कुकर परत आणणे म्हणजे दोन-तीन किलो वजन वाया घालवणे.

किल्ली देताना हस्तांतरणाचा कागद, म्हणजे युबरगाबेप्रोटोकोल, झालाच पाहिजे. त्यात तारीख, किल्ल्यांची संख्या, मीटरचे क्रमांक व आकडे, आधीपासूनचे ओरखडे आणि पैसे कोणत्या खात्यात यायचे ते लिहा. राहायला आलात तेव्हाचा कागद सोबत ठेवा आणि प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. न पटणारी नोंद असेल तर सहीची घाई करू नका. तुमचा आक्षेप त्याच कागदावर लिहून घ्या. पैसे लगेच मिळत नाहीत. घरमालक काही महिने, कधी सहा महिनेही लावतात, आणि पाणी-हीटिंगच्या हिशेबापोटी थोडी रक्कम त्याहून जास्त काळ अडकू शकते.

पत्ता, विमा, बँक

पत्ता रद्द करणे म्हणजे आबमेल्डुंग. ते खोली सोडण्याच्या फार तर सात दिवस आधी आणि सोडल्यावर दोन आठवड्यांच्या आत करायचे असते. यासाठीच हा आठवडा राखून ठेवा. नवा पत्ता म्हणून बडोद्याचा पत्ता पासपोर्टवर आहे तसाच लिहा. मिळालेल्या दाखल्याचे स्कॅन लगेच तीन ठिकाणी जाऊ द्या: आरोग्य विमा, प्रसारण शुल्क (सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी घरटी भरायचे शुल्क), आणि जिम किंवा फोनचा करार. प्रसारण शुल्क दर घराला महिना 18.36 युरो असते, आणि ते तुम्ही कळवल्याशिवाय थांबत नाही. खोली एकत्र घेतली असेल तर ते आता कोणाच्या नावावर जाणार, तेही सोबत्यांशी बोलून घ्या. पत्रपेटीवरचे नाव निघाले की पोस्टमन पत्र परत पाठवतो, म्हणून उशिरा येणाऱ्या पत्रांसाठी एखाद्या मित्राचा पत्ता द्या.

बँकेचे खाते चालू ठेवायचे ते अनामतीसाठी. भारतातल्या खात्यांना आयबॅन, म्हणजे युरोपात वापरतात तसा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, नसतो, त्यामुळे युरोपातल्या नेहमीच्या पद्धतीने घरमालक तुमच्या बडोद्याच्या खात्यात पैसे पाठवू शकत नाही. स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून, पाठवायला तो कुरकुरतो आणि शुल्कही जाते. निघण्यापूर्वी बँकेत भारतीय मोबाइल क्रमांक आणि बडोद्याचा पत्ता नोंदवा, कोड देणारे ॲप परत न्यायच्या फोनवरच चालू करा, आणि मगच जर्मन सिम काढा. ब्लॉक्ड खात्यात (व्हिसासाठी उघडलेल्या, दरमहा ठरावीक रक्कमच देणाऱ्या खात्यात) शिल्लक उरली असेल तर ती मोकळी करायला परदेशी नागरिक कार्यालयाचे किंवा दूतावासाचे पत्र मागतात. खाते देणाऱ्या संस्थेला तिथे असतानाच विचारा.

सामान आणि बडोद्यापर्यंतचा प्रवास

मूळ प्रमाणपत्रे, लॅपटॉप, हार्ड डिस्क आणि प्रकल्पाचे कागद हातातल्या बॅगेत. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्याही तिथेच, चेक-इनमध्ये त्यांना परवानगी नसते. 1917 मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर शिकून परतणाऱ्या डॉ. आंबेडकरांची पुस्तके वेगळ्या जहाजाने निघाली होती आणि पाणबुडीच्या टॉर्पेडोने ते जहाज बुडाले. आज पाणबुडी नाही, पण चुकलेली बॅग दुसऱ्या विमानातून यायला आठवडा लागू शकतो.

मुंबईला उतरायचे की अहमदाबादला, यात तिकीट थोडे महाग पडले तरी अहमदाबाद घ्या. आखाती देशांतून तिथे थेट विमाने येतात, आणि एक्स्प्रेसवेने दोन-अडीच तासांत घर. मुंबईला मध्यरात्री उतरून दोन मोठ्या बॅगा बोरिवलीपर्यंत नेणे आणि पहाटे गाडीत चढवणे एकट्याला जड जाते. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने गाड्या रखडतात. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीच्या पुराने बडोद्यात जे केले ते विसरू नका. त्या काळात पुढचे महत्त्वाचे काम परतण्याच्या दुसऱ्याच दिवशी ठेवू नका.

18 वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप कस्टम ड्युटीशिवाय आणता येतो. काकांसाठी ड्युटी-फ्रीतून बाटली आणायचा मोह मात्र टाळा. कस्टमने दोन लिटर सोडले तरी गुजरातची दारूबंदी वेगळी आहे, आणि परमिट नसेल तर स्टेशनवर किंवा रस्त्यावर बाटलीसह अडकाल.

युरोची नाणी तिथेच खर्च करा, इथे मनी चेंजर ती घेत नाहीत. नोटा 2,000 डॉलरच्या मूल्यापर्यंत जवळ ठेवता येतात. त्याहून जास्त असतील तर परतल्यापासून 180 दिवसांत बदलून घ्याव्या लागतात. जर्मन खाते चालू राहिले असेल आणि तुम्ही भारतात रहिवासी ठरत असाल, तर आयकर रिटर्नमध्ये ते परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागते, शिल्लक शंभर युरो असली तरी. आणि तिकडच्या कार्यालयांना फोन करायचा तर हिवाळ्यात दुपारी दीडनंतर, उन्हाळ्यात साडेबारानंतर करा. तेव्हा तिथे सकाळचे नऊ वाजलेले असतात.